शिलकीचा हिशेब

मदरबोर्ड स्वतः एकही बेरीज करत नाही. आकडेमोड प्रोसेसर करतो, चित्र ग्राफिक्स कार्ड काढते, साठवण एसएसडीकडे असते. बोर्डाचे काम या सगळ्यांना वीज पुरवायची, एकमेकांशी जोडून द्यायचे आणि कोणी कोणत्या मर्यादेत वागायचे ते बायोसमधून ठरवायचे, एवढेच. म्हणून तोच प्रोसेसर, तीच रॅम आणि तंतोतंत तीच सेटिंग्ज ठेवून दोन बऱ्या बोर्डांवर चाचणी घेतली, तर निकालात जेमतेम एखाद-दुसऱ्या टक्क्याचा फरक निघतो. मग एक बोर्ड बारा हजारांना आणि दुसरा साठ हजारांना का, असे गिऱ्हाइकाने विचारले की दुकानात ठरलेले उत्तर मिळते: महाग बोर्ड ओव्हरक्लॉकिंगला चांगला. उत्तर खोटे नाही, अर्धवट आहे. बोर्डाची ओव्हरक्लॉकिंग क्षमता म्हणजे त्याच्याजवळची शिल्लक. प्रोसेसर मागेल त्याहून किती जास्त वीज, किती स्थिर, किती वेळ आणि किती गरम होऊन देता येते, तेवढी त्याची क्षमता. ही शिल्लक वापरून वेग वाढवण्याचे दिवस बहुतांशी सरले आहेत. तरीही बोर्ड पारखायला तिच्याइतकी भरवशाची कसोटी दुसरी नाही, असे माझे म्हणणे आहे, आणि ते पटवून द्यायला थोडे मागे जावे लागेल.

ऑगस्ट १९९८ मध्ये इंटेलने एकाच दिवशी दोन प्रोसेसर बाजारात आणले. पेंटियम २ चा ४५० मेगाहर्ट्झचा नमुना सुमारे ६७० डॉलरना होता आणि सेलेरॉन ३००ए सुमारे १५० डॉलरना. सेलेरॉनचा गुणक ४.५ वर कुलूपबंद होता, म्हणजे ६६ मेगाहर्ट्झच्या बसवर तो ३०० मेगाहर्ट्झने चाले. पण बस १०० वर नेली की तोच प्रोसेसर ४५० वर जाई, आणि नशीब बरे असेल तर तिथे बिनतक्रार टिकेही. त्याची कॅश होती फक्त १२८ किलोबाइट, पण ती प्रोसेसरच्याच चकतीवर असून पूर्ण वेगाने चाले. पेंटियम २ ची ५१२ किलोबाइटची कॅश चकतीबाहेर आणि निम्म्या वेगाची. त्यामुळे कित्येक कामांत स्वस्तातला सेलेरॉन महागड्या भावंडाच्या मांडीला मांडी लावून बसला. या प्रकारात सर्वाधिक गाजलेला बोर्ड होता अबिट कंपनीचा बीएच६. इतर पुष्कळ बोर्डांवर जंपर काढून-घालून वेग बदलावा लागे, तर इथे बसचा वेग आणि प्रोसेसरचे व्होल्टेज दोन्ही बायोसच्या पडद्यावरून बदलता येत.

ही गोष्ट बहुधा प्रोसेसरच्या पराक्रमाची म्हणून सांगितली जाते. खरे श्रेय बोर्डावरच्या ४४०बीएक्स चिपसेटमधल्या साध्या भागाकाराला आहे. बसच्या वेगावरूनच पीसीआय आणि एजीपी या स्लॉटांचे वेग ठरत. बस ६६ वर असताना पीसीआयला तिचा अर्धा म्हणजे ३३, आणि एजीपीला पूर्ण ६६ मिळत. बस १०० वर गेली की चिपसेट पीसीआयसाठी तीनने भागे आणि एजीपीसाठी दोन-तृतीयांश घेई, म्हणजे पुन्हा ३३ आणि ६६. प्रोसेसर दीडपट धावत असताना हार्ड डिस्क, साउंड कार्ड आणि ग्राफिक्स कार्ड यांना काही घडल्याचा पत्ताही नसे. उलट बस ८३ वर ठेवली, तर प्रोसेसर ३७५ वरच राही, पण अर्ध्याच्या हिशेबाने पीसीआय ४१ च्या वर जाई आणि डिस्कवरच्या माहितीवर संकट येई. कमी वेग अधिक धोक्याचा आणि जास्त वेग सुरक्षित, असा हा उलटा प्रकार. बोर्ड कमाल किती मेगाहर्ट्झ दाखवतो यापेक्षा वेग वाढताना तो बाकीच्यांना त्यांच्या मर्यादेत कसा ठेवतो हे पाहायला हवे, हा धडा तिथेच मिळाला होता.

पुढे ही वाट बंद होत गेली. २०११ च्या आरंभी आलेल्या सँडी ब्रिज पिढीत इंटेलने प्रोसेसर, पीसीआय एक्स्प्रेस, साटा, यूएसबी अशा सगळ्यांना एकाच १०० मेगाहर्ट्झच्या ठोक्यावर बांधले. तो ठोका पाच टक्के वाढवला तरी कुठले ना कुठले उपकरण कुरकुरू लागे. गुणक मोकळा ठेवला तो फक्त नावात ‘के’ असलेल्या महाग प्रोसेसरांवर, आणि तोही ठरावीक चिपसेटच्या बोर्डांवर. म्हणजे विजेची ताकद असो वा नसो, ओव्हरक्लॉकिंग हा परवान्याचा विषय झाला. २०१५ च्या स्कायलेक पिढीत ठोका पुन्हा सुटा झाला, तेव्हा काही बोर्ड कंपन्यांनी बायोस बदलून ‘के’ नसलेले प्रोसेसरही पळवून दाखवले. थोड्याच महिन्यांत इंटेलने ती फटही बुजवली. एएमडीने २०१७ पासून बहुतेक रायझनचे गुणक मोकळे ठेवले, पण तिथेही बी३५० आणि एक्स३७० चिपसेटला परवानगी आणि ए३२० ला मनाई अशी पायरी होतीच. तेव्हा बोर्ड पाहताना चिपसेटचे नाव आधी वाचायचे. त्यावरून काय करू दिले जाईल ते कळते. ते कितपत जमेल, हे मात्र त्या नावावरून कधीच कळत नाही.

दरम्यान आणखी एक बदल झाला, आणि तो जास्त महत्त्वाचा आहे. प्रोसेसरमध्ये दडलेला वाढीव वेग आता कारखान्यातूनच वापरून येतो. सेलेरॉन ३००ए ने पन्नास टक्के दिले. २०२२ चा कोअर आय९-१३९००के एक-दोन कोअरवर ५.८ आणि सगळ्या मोठ्या कोअरवर ५.५ गिगाहर्ट्झ स्वतःहून गाठतो. त्याला हाताने ५.७ वर नेले तर मिळकत चार टक्क्यांच्या आत, आणि वीज त्या मानाने कितीतरी जास्त, कारण विजेचा खर्च वेगाच्या प्रमाणात आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. द्रवरूप हेलियम ओतून अलीकडच्या प्रोसेसरांनी ९ गिगाहर्ट्झ ओलांडले आहेत, पण ते काही मिनिटांचे प्रदर्शन. त्या विक्रमाचे चित्र बोर्डाच्या जाहिरातीत दिसले, तर कौतुक करावे आणि पुढचे पान उलटावे.

मग बोर्डाच्या शिलकीला किंमत का द्यायची? कारण जो भार पूर्वी हौशी लोक मुद्दाम टाकत, तो आता प्रोसेसर रोजच टाकतो. १३९००के ची मूळ वीजमर्यादा १२५ वॉट, पण टर्बोमध्ये तो २५३ वॉटपर्यंत जातो. एसएमपीएसमधून १२ व्होल्ट येतात आणि प्रोसेसरला लागतात सव्वा व्होल्टच्या आसपास. अडीचशे वॉटला सव्वाने भागले की २०० ॲम्पियर येतात. नखाएवढ्या सिलिकॉनमध्ये एवढा प्रवाह सोडायचा, तोही क्षणात वीसवरून दोनशेवर आणि पुन्हा वीसवर. हे काम प्रोसेसरच्या सॉकेटभोवती मांडलेले मॉस्फेट, कॉइल आणि कॅपॅसिटर करतात. या जुळणीला व्हीआरएम म्हणतात आणि तिच्या प्रत्येक शाखेला फेज. रांगेतल्या माणसांनी आळीपाळीने घागरी रित्या कराव्यात आणि धार तुटू देऊ नये, तसे हे फेज सेकंदाला लाखो वेळा उघडमीट करत आपापल्या पाळीची वीज ओततात. वहनातली उष्णता प्रवाहाच्या वर्गाप्रमाणे वाढते. दोनशे ॲम्पियर चार फेजांत वाटले तर प्रत्येकी ५०, दहांत वाटले तर प्रत्येकी २०. भाग सारखेच धरले तर ५० चा वर्ग चार वेळा म्हणजे दहा हजार आणि २० चा वर्ग दहा वेळा म्हणजे चार हजार. अर्थात चार फेजांच्या बोर्डात ही उष्णता अडीचपट निघते, आणि ती निम्म्याहूनही कमी जागेतून बाहेर पडायची असते.

एवढे कळले की खोक्यावरच्या ‘१६+२+१’ सारख्या आकड्यांकडे पाहण्याची नजर बदलते. हा आकडा खोटा नसतो, पण पुरताही नसतो. कित्येकदा नियंत्रक चिप आठच फेज चालवते आणि प्रत्येक इशाऱ्यावर दोन-दोन मॉस्फेट जोडलेले असतात. काही समीक्षक याला फसवणूक म्हणतात. मला तसे वाटत नाही, कारण प्रवाह आणि उष्णता दोन भागांत वाटली जाते हा खरा लाभ आहे. खरी मेख प्रत्येक भागाच्या कुवतीत असते. ९० ॲम्पियरचे आठ एकसंध पॉवर स्टेज हे सुटे सुटे स्वस्त मॉस्फेट लावलेल्या बारा फेजांपेक्षा केव्हाही बरे. त्यावरचा हीटसिंकही निरखून पाहावा. खाचा कोरलेला जाड ॲल्युमिनियमचा ठोकळा आणि दिवे लावलेले गुळगुळीत झाकण ही एकच गोष्ट नव्हे, कारण हवा लागायला पृष्ठभाग हवा. आपल्याकडे याला आणखी एक बाजू आहे. परदेशी चाचण्या बहुधा २०-२२ अंशांच्या खोलीत घेतल्या जातात. मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरच्या बिनएसीच्या खोलीत दुपारी ४० अंश सहज असतात. खोली जितकी तापलेली, साधारण तितकेच अंश व्हीआरएमच्या तापमानात मिळवायचे. चाचणीतले ८५ अंश इथे १०३ होतात. मॉस्फेट हे सोसतो, पण शेजारच्या कॅपॅसिटरवर कमाल १०५ अंश असे छापलेले असते, आणि द्रव भरलेल्या कॅपॅसिटरचे आयुष्य दर दहा अंशांमागे निम्मे होते असा ढोबळ नियम आहे. या शतकाच्या आरंभी अनेक कंपन्यांच्या बोर्डांवरचे सदोष कॅपॅसिटर फुगून फुटत होते, ती साथ जुन्या दुरुस्तीवाल्यांना आठवत असेल. आता घन पॉलिमरचे कॅपॅसिटर आल्याने तो धोका ओसरला. उष्णतेचे गणित मात्र बदललेले नाही.

विजेचे प्रमाण झाले, आता तिची स्थिरता. भार वाढला की प्रोसेसरला मिळणारे व्होल्टेज थोडे खाली बसते, आणि हे मुद्दाम केलेले असते. मार्गाचा रोध एक मिलिओहम धरला तर २०० ॲम्पियरला ०.२ व्होल्टची घट येते, म्हणजे १.४० ठरवले तर भाराखाली १.२० उरतात. भार अचानक हटला की व्होल्टेज उसळी मारते, त्या उसळीला जागा राहावी म्हणून ही घट ठेवलेली असते. बायोसमध्ये ‘लोड लाइन कॅलिब्रेशन’ नावाची एक पायरी असते, तिने ही घट कमी करता येते. नवशिके ती सरळ शेवटच्या टोकाला नेतात, कारण पडद्यावरचा आकडा मग हलत नाही. पण तो आकडा दाखवणारे साधन इतके जलद नसते. मायक्रोसेकंदांत येऊन गेलेली उसळी त्याला दिसतच नाही, ती ऑसिलोस्कोपवर दिसते. चांगल्या बोर्डावर मधल्या पायरीलाच व्होल्टेज पुरेसे स्थिर राहते. त्यासाठी शेवटची पायरी वापरावी लागत असेल, तर त्या बोर्डाची शिल्लक संपली असे समजावे.

रॅमची बाब वेगळी आहे, आणि आज ओव्हरक्लॉकिंगचा उरलेला खरा लाभ तिथेच आहे. एक्सएमपी किंवा एक्स्पो हे बटण दाबून रॅम ६००० वर नेणे हेदेखील नियमाप्रमाणे ओव्हरक्लॉकिंगच. इथे बोर्डाचे थर आणि तांब्याच्या रेषांची आखणी निर्णायक ठरते. चार स्लॉटांच्या बोर्डावर रिकाम्या स्लॉटांचे टोकही संदेशाचा प्रतिध्वनी उठवते. म्हणून रॅमच्या विक्रमांसाठी बनवलेल्या महाग बोर्डांना दोनच स्लॉट असतात. चारही स्लॉट भरायचे असतील, तर डीडीआर५ च्या जमान्यात जाहिरातीतला वेग विसरावा.

यावर पहिला आक्षेप असा येतो की, वेगात फरकच पडत नसेल तर सगळ्यांत स्वस्त बोर्ड का घेऊ नये? याचे उत्तर २०२१ मधल्या कोअर आय५-११४०० ने दिले. त्याचा मूळ वेग २.६ गिगाहर्ट्झ, सगळ्या कोअरचा टर्बो ४.२. वीजमर्यादा दीर्घकाळासाठी ६५ वॉट आणि थोड्या वेळासाठी १५४ वॉट. बी५६० चिपसेटच्या काही बोर्डांनी ही मर्यादा उठवून ठेवली होती, काहींनी ६५ वरच रोखली, कारण त्याहून जास्त भार त्यांच्या व्हीआरएमला झेपणारा नव्हता. परिणामी नाव तेच, चिपसेट तोच, पण लांबलचक व्हिडिओ रेंडर करताना एक यंत्र ४.२ वर चालत राही आणि दुसरे कितीतरी खाली घसरे. सुरुवातीला ‘तीच सेटिंग्ज ठेवून’ असे म्हटले होते ते यासाठीच. सेटिंग्ज सारखी ठेवू शकणे ही बोर्डाची कुवत असते, आणि अगदी स्वस्त बोर्डाकडे तीच नसते.

दुसरा आक्षेप याच्या बरोबर उलटा आहे. जास्त शिल्लक असलेला बोर्ड आपणहून मर्यादा ओलांडतो आणि प्रोसेसरचेच नुकसान करतो, असे काही जण म्हणतात. याला सबळ पुरावा आहे. एप्रिल २०२३ मध्ये रायझन ७ ७८००एक्स३डी आणि त्याचे काही भाऊबंद सॉकेटमध्येच जळाल्याच्या घटना उघड झाल्या. एक्स्पो चालू केल्यावर काही बोर्ड प्रोसेसरच्या एसओसी भागाला गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज देत होते. एएमडीने मग १.३ व्होल्टची हद्द घालून दिली. २०२४ मध्ये इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीतल्या अस्थिरतेचा बोभाटा झाला. तिथे इंटेलने शेवटी चार कारणे मांडली. त्यांतले एक, बोर्डांनी इंटेलच्या सूचनेपलीकडे ठेवलेली वीजमर्यादा. उरलेली तीन मुख्यतः इंटेलच्याच मायक्रोकोडशी निगडित. कंपनीने दुरुस्ती काढली आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. तेव्हा सारा दोष बोर्डांच्या माथी मारणे अन्यायाचे ठरेल. पण या दोन्ही प्रकरणांतून एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. शिल्लक असणे हा दोष नव्हता, ती न विचारता खर्च करणे हा दोष होता. म्हणून बोर्डाच्या परीक्षेत ‘तो किती वर जातो’ याच्या आधी ‘काहीही न बदलता तो कसा वागतो’ हे पाहावे. बायोस जसे आले तसे ठेवून वीजमर्यादा कंपनीने सांगितलेलीच आहे का, व्होल्टेज कुठवर जाते, हे मोफत मिळणाऱ्या एचडब्ल्यूइन्फोसारख्या साधनाने दहा मिनिटांत कळते.

तिसरा प्रश्न रास्त आहे: वेग वाढत नसेल, तर बायोसमधली ती शेकडो सेटिंग्ज कोणासाठी? माझ्या मते ती आज उलट दिशेने जाणाऱ्यांसाठी आहेत. प्रोसेसरचा वेग तोच ठेवून व्होल्टेज १.३० वरून १.२० वर आणले, तर वर्गाच्या हिशेबाने वीज सुमारे पंधरा टक्क्यांनी घटते. तापमान उतरते, पंख्याचा आवाज कमी होतो, आणि गरम झाल्यामुळे टर्बो गळत असेल तर वेग उलट वाढतोसुद्धा. रायझन ५००० पासून आलेला ‘कर्व्ह ऑप्टिमायझर’ हे काम प्रत्येक कोअरसाठी वेगळे करू देतो. मात्र ते टिकले की नाही याची खात्री करून घ्यावी लागते. त्यासाठी लोक प्राइम९५ चालवतात. हा प्रोग्राम मुळात प्रचंड मोठ्या अविभाज्य संख्या शोधण्यासाठी लिहिलेला. त्याला काही उत्तरे आधीच ठाऊक असतात, म्हणून प्रोसेसरने केलेली चूक तो तिथल्या तिथे पकडतो. विंडोज सुरू झाले म्हणजे सेटिंग जमले, असे मानणाऱ्यांना चार महिन्यांनी बिघडलेली फाइल सापडते.

सोयींबद्दल थोडक्यात. मागच्या बाजूची यूएसबी पोर्ट मोजा, ती नंतर वाढवणे कटकटीचे असते. दुसरा लांब स्लॉट दिसायला सोळा पदरी असला तरी बहुधा चारच पदरांचा आणि चिपसेटमार्फत जोडलेला असतो. एखाद्या एम.२ स्लॉटमध्ये एसएसडी बसवली की साटाची पोर्ट बंद पडतात, हेही पुष्कळ बोर्डांवर घडते. ही माहिती खोक्यावर नसते, मॅन्युअलमध्ये असते, आणि मॅन्युअल कंपनीच्या संकेतस्थळावर फुकट मिळते. प्रोसेसर न लावता पेनड्राइव्हवरून बायोस बदलण्याचे बटण असेल, तर थोडे जास्त मोजायला हरकत नाही, कारण नव्या पिढीचा प्रोसेसर जुन्या बायोसवर चालूच होत नाही. भरजरी दिवे, वायफायच्या अँटेनाची ठेवण, साउंड चिपवर सोनेरी झाकण, यांत माझा तरी जीव रमत नाही.

साध्या घरगुती यंत्रासाठी माझा कौल असा आहे. मधल्या दर्जाच्या चिपसेटचा, आठ-दहा सशक्त फेजांचा, खराखुरा हीटसिंक असलेला बोर्ड घ्यावा. तुमचा प्रोसेसर अर्धा तास पूर्ण भारावर असताना त्याच बोर्डाचा व्हीआरएम ८० अंशांच्या आत राहिल्याची एखादी स्वतंत्र चाचणी आधी शोधावी आणि चाचणीच्या खोलीचे तापमानही वाचावे. त्यापलीकडच्या बोर्डाला लागणारे पैसे कूलर, एसएमपीएस आणि हवा खेळणाऱ्या कॅबिनेटवर खर्च करावेत. आणि हाताने वेग वाढवायचाच असेल तर हे ध्यानात ठेवा, की इंटेल असो वा एएमडी, ओव्हरक्लॉकिंगमुळे झालेले नुकसान वॉरंटीत बसत नाही.